अठरा ग्रॅम झिंकवर फेरीबोट: कूलोम, अँपिअर-तास आणि फॅराडेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी दाभोळच्या खाडीत चालते तशी एक लोखंडी फेरीबोट गृहीत धरली आहे. पाण्याखालचं क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. रंग शाबूत असताना दर चौरस मीटरला १० मिलीअँपिअर संरक्षक धारा. दोन वर्षांनी बोट गोदीत. तेवढ्या काळाला झिंकचे ॲनोड, म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः झिजून ती धारा देणारे ठोकळे, किती लागतील? फॅराडेच्या सूत्रात आकडे घातल्यावर उत्तर आलं १८ ग्रॅम. शिवाय पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज ठरवून धारा मोजणारं उपकरण) प्रभार कूलोममध्ये दाखवतो, ॲनोड विकणारा किलोमागे अँपिअर-तास सांगतो आणि बॅटरीवाले मिलीअँपिअर-तासांत बोलतात. हे सगळं एकमेकांत बसवायचं कसं?

आधी ते १८ ग्रॅम. ३०० × १० म्हणजे ३००० मिलीअँपिअर, म्हणजे ३ अँपिअर. दोन वर्षांचे तास १७,५२०. गुणाकार ५२,५६०. इथवर सगळं बरोबर आहे. पण हे ५२,५६० अँपिअर-तास आहेत आणि फॅराडे स्थिरांक ९६,४८५ आहे तो दर मोलला कूलोम. तुम्ही ५२,५६० ला थेट ९६,४८५ ने भागलंत, दोनाने भागलंत, ६५.३८ ने गुणलंत आणि १७.८ ग्रॅम मिळाले. अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम आणि तासात सेकंद ३६००. म्हणून आधी ५२,५६० × ३६०० = १८ कोटी ९२ लाख १६ हजार कूलोम. मग भागाकार केला की इलेक्ट्रॉन निघतात १९६१ मोल, झिंक ९८०.५ मोल, वजन ६४.१ किलो.

ही चूक मोठी असली तरी निरुपद्रवी. ३६०० पटीने चुकलेलं उत्तर स्वतःच ओरडून सांगतं. मुठीत मावेल एवढ्या झिंकवर फेरीबोट दोन वर्षं तगत नाही हे कुणालाही कळतं. घात करतात ते दुपटीचे, दीडपटीचे, १० टक्क्यांचे गुणक. उत्तर दिसायला शहाणं असतं, म्हणून कुणी परत तपासत नाही. खाली जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

एकक बदलण्याचा भाग छोटा आहे. १ अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम. १ मिलीअँपिअर-तास म्हणजे ३.६ कूलोम, १ मायक्रोअँपिअर-तास म्हणजे ३.६ मिलीकूलोम. प्लेटिंगवाल्यांचा अँपिअर-मिनिट म्हणजे ६० कूलोम. १ कूलोम म्हणजे १०.३६ मायक्रोमोल इलेक्ट्रॉन. मोजदादच करायची तर ६२४ च्या पुढे १६ शून्यं, इतके इलेक्ट्रॉन. १ मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार, म्हणजे १ फॅराडे, ९६,४८५ कूलोम किंवा २६.८०१ अँपिअर-तास. हा शेवटचा आकडा पाठच करा. मीटर तासांत चालतो, काम तासांत चालतं, २६.८०१ डोक्यात असला की ३६०० मध्ये येतच नाही आणि विसरायचा प्रश्नही उरत नाही. झिंकचा हिशेब मग एका ओळीत होतो: २ × २६.८०१ ÷ ६५.३८ = ०.८२०, म्हणजे किलोला ८२० अँपिअर-तास. ५२,५६० ÷ ८२० = ६४.१ किलो. त्याच रीतीने ॲल्युमिनियम २९८०, मॅग्नेशियम २२०५, लोखंड ९६०.

सेंद्रिय विद्युतसंश्लेषण करणारे ‘दर मोलला इतके फॅराडे’ अशी भाषा वापरतात. ०.१ मोल पदार्थाला २.२ फॅराडे प्रति मोल द्यायचे तर ०.२२ × २६.८०१ = ५.९० अँपिअर-तास, १ अँपिअरवर ५ तास ५४ मिनिटं. फॅराडे आणि फॅरड यांची गल्लत मात्र करू नका. फॅरड हे धारकतेचं एकक, व्होल्टमागे कूलोम. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर २.७ व्होल्टपर्यंत भरला तर त्यात २.७ कूलोम, म्हणजे जेमतेम ०.७५ मिलीअँपिअर-तास.

जुन्या पुस्तकांत ॲबकूलोम (१० कूलोम) आणि स्टॅटकूलोम (एका कूलोममध्ये सुमारे ३०० कोटी) भेटतात; आज त्यांचं काम पडत नाही. पण एक जुनी गोष्ट कामाची आहे. १९०८ ते १९४८ या काळात ‘आंतरराष्ट्रीय अँपिअर’ची व्याख्याच चांदीच्या वजनावर होती: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८०० ग्रॅम चांदी बसवणारी धारा. आजचे आकडे घालून पाहा, १०७.८६८ ÷ ९६,४८५ तेवढंच देतं. २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि ॲव्होगॅड्रो संख्या दोन्ही व्याख्येनेच ठरलेल्या असल्यामुळे फॅराडे स्थिरांकात अनिश्चितता राहिलेली नाही. तुमच्या उत्तरात चूक असेल तर ती या आकड्यामुळे नाही एवढं नक्की.

आता लहान गुणकांकडे. पहिला, इलेक्ट्रॉनांची संख्या. कॉपर सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणातून तांबं बसतं तेव्हा अणूमागे २ इलेक्ट्रॉन लागतात, अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम. सायनाइडच्या टाकीत तांबं एकसंयुजी असतं, तिथे १ इलेक्ट्रॉन, अँपिअर-तासाला २.३७१ ग्रॅम. धातू तोच, मीटरवरचा आकडा तोच आणि वजन दुप्पट. षट्संयुजी क्रोमियमला ६ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे १०० टक्के धारा कामी आली तरी ०.३२३ ग्रॅमच. प्रत्यक्षात १० ते २० टक्केच कामी येते, बाकीची हायड्रोजन काढण्यात जाते. म्हणून समीकरण लिहिल्याशिवाय भागाकाराला हात घालू नये. धातूच्या नावावरून संख्या ठरत नाही, तो द्रावणात कोणत्या रूपात आहे त्यावरून ठरते.

दुसरा गुणक धारा-कार्यक्षमतेचा, आणि ॲनोडच्या हिशेबात खरं वजन यालाच आहे. ८२० हा कागदावरचा आकडा. चांगल्या झिंक मिश्रधातूकडून समुद्राच्या पाण्यात ७८० च्या आसपास मिळतात. ॲल्युमिनियमचा फरक मोठा. २९८० पैकी चांगला मिश्रधातू प्रयोगशाळेत २५०० च्या वर देतो, पण आराखडा करताना २००० धरण्याची सावध रीत आहे. मॅग्नेशियमचे २२०५ पैकी निम्मेच हाती येतात. उरलेला धातू जातो कुठे? काही स्वतःच गंजतो आणि पाण्यातून हायड्रोजन काढतो. काही कणांच्या सीमा आधी विरघळल्यामुळे न वापरताच गळून पडतो. दोन्हीत धातू संपतो, पण बाहेरच्या मंडलात इलेक्ट्रॉन येत नाही.

त्यावर उपयोग-गुणक. ॲनोड शेवटच्या कणापर्यंत वापरता येत नाही. आतला लोखंडी गज उघडा पडायला लागला की त्याचा आकार मोडतो आणि धारा पुरत नाही. लांबट ॲनोडला ०.८५ धरा. मग तुमच्या बोटीला झिंक लागेल ५२,५६० ÷ (७८० × ०.८५) = ७९.३ किलो, किंवा ॲल्युमिनियम ५२,५६० ÷ (२००० × ०.८५) = ३०.९ किलो. ६४ आणि ७९ यांत फरक पावपटीचा. हा पावभाग विसरला की बोट गोदीत यायच्या चार-पाच महिने आधीच ॲनोड संपलेले असतात. वजन पुरलं म्हणजे काम झालं असंही नाही. तेच ७९ किलो दोन ठोकळ्यांत घातले तर त्यांतून एका वेळी ३ अँपिअर निघतीलच असं नाही. नगांची संख्या आणि आकार पाण्याच्या रोधावरून वेगळे काढावे लागतात.

इथे कोकणातल्या खाड्यांचा स्वभाव मध्ये येतो. वरचे आकडे खुल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे आहेत. ओहोटीला बोट गाळात बसत असेल तर गाळात पुरलेल्या ॲनोडची क्षमता घटते. ॲल्युमिनियमला तिथे २००० ऐवजी १५०० धरतात. दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी येते आणि वाशिष्ठीत पोफळीकडून कोयनेचं अवजल (वीज केल्यावर सोडलेलं पाणी) बारा महिने उतरतं, म्हणजे चिपळूणच्या बाजूला जावं तसं पाणी उन्हाळ्यातही गोडं होत जातं. पावसाळ्यात तर मुखाशीही खारटपणा उतरतो. गोड्या पाण्याची वाहकता कमी, म्हणून ॲनोड वजनाला शिल्लक असूनही धारा देत नाही. झिंकवर घट्ट थर बसून तो निष्क्रियही होऊ शकतो. गोडं पाणी जास्त लागणाऱ्या ठिकाणी झिंक वाढवून उपयोग नसतो. धातू बदलावा लागतो.

१० मिलीअँपिअर हा आकडाही रंग धड असेपर्यंतचा. धक्क्याला घासून रंग गेला की उघड्या लोखंडाला चौरस मीटरमागे १०० मिलीअँपिअरच्या आसपास लागतात. ३०० पैकी फक्त १५ चौरस मीटर उघडे पडले तरी (२८५ × १०) + (१५ × १००) = ४३५० मिलीअँपिअर, दीडपटीला पोचलेच. प्रकल्पात हा आकडा स्थिर धरणार असाल तर तसं लिहा तरी.

तिसरा गुणक तासांचा. फेरीबोट बारा महिने पाण्यात, म्हणून वर्षाचे ८७६० तास. मासेमारीच्या यांत्रिक बोटींना हा आकडा लावू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत बोट ओढून वर शाकारून ठेवली असेल तर पाण्यातले दिवस ३०४, तास ७२९६.

चौथा गुणक छेदात लपलेला असतो: कशामागे किती. १ मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १० मिलीअँपिअर प्रति चौरस मीटर. १ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर म्हणजे १० मिलीअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. क्षेत्रफळात दहाचा वर्ग होतो हे घाईत निसटतं. किनाऱ्यावरच्या इमारतींतल्या सळ्यांचा गंज मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात, त्याचं रूपांतर असं: १ मायक्रोअँपिअर वर्षभर म्हणजे ३१.६ कूलोम, त्यातून लोखंड ९.१३ मिलिग्रॅम, घनता ७.८७, म्हणजे जाडी ११.६ मायक्रोमीटर. काँक्रीटमधल्या सळीला १ च्या वरचा आकडा वाईट समजतात, ०.१ च्या खालचा नगण्य. पण ही जाडी सगळीकडे सारखी झिजते असं मानून काढलेली आहे. खाऱ्या हवेत सळीला खड्डे पडतात आणि खड्ड्याची खोली या सरासरीच्या कितीतरी पुढे असते.

बॅटरीच्या कागदांत हाच प्रश्न ‘दर ग्रॅमला’ या रूपात येतो. ग्राफाइट ३७२ मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅम म्हणतात ते फक्त कार्बनच्या ग्रॅममागे. आत शिरलेलं लिथियम वजनात धरलं की ३३९ होतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १७० हे सक्रिय पदार्थाच्या ग्रॅममागे, त्यात बाइंडर, कार्बन, ॲल्युमिनियमची फॉइल धरलेली नाही. दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्हींचे ग्रॅम एकाच वस्तूचे आहेत का ते पाहा.

पोटेन्शिओस्टॅटबद्दल. स्थिर धारेचा प्रयोग असेल तर कूलोम थेट मिळतात. चक्रीय व्होल्टामोग्राममधलं (व्होल्टेज पुढे-मागे नेत काढलेल्या धारेच्या आलेखातलं) आलेखाखालचं क्षेत्रफळ मात्र प्रभार नसतो. ते अँपिअर गुणिले व्होल्ट असतं. त्याला स्कॅनच्या वेगाने भागायचं, आणि वेग व्होल्ट प्रति सेकंदात हवा. समजा प्लॅटिनमवरच्या हायड्रोजनच्या भागाचं क्षेत्रफळ ४.२ मायक्रोअँपिअर-व्होल्ट आलं आणि वेग ५० मिलीव्होल्ट प्रति सेकंद होता. ४.२ ÷ ०.०५ = ८४ मायक्रोकूलोम. बहुस्फटिकी प्लॅटिनमला चौरस सेंटिमीटरला २१० धरतात, म्हणजे खरं पृष्ठफळ ०.४० चौरस सेंटिमीटर. यात दोन गोष्टी नेहमी चुकतात: दुहेरी थराच्या (पृष्ठभागावर नुसता प्रभार साठवण्यात जाणाऱ्या) धारेची पायारेषा वजा केलेली नसते, किंवा जाण्याचा आणि येण्याचा भाग दोन्ही मिळवून दुप्पट प्रभार घेतलेला असतो.

पाचवा गुणक एकसर जोडलेल्या सेलचा. पावसाळ्यात वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत, त्यावरूनच पाहू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५ लाख ४० हजार कूलोम, सुमारे ५.६ मोल इलेक्ट्रॉन. शिशाचा हिशेब केला तर अँपिअर-तासाला ३.८७ ग्रॅम, १५० ला ५८० ग्रॅम. पण हा एका सेलचा हिशेब आहे. आत सहा सेल एकामागे एक आहेत आणि तोच इलेक्ट्रॉन सहाही सेलमध्ये काम करतो, म्हणून शिसं सहापट, साधारण साडेतीन किलो. जास्त चार्जिंगमुळे आटणारं पाणीही असंच: एका सेलमध्ये अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम, सहांत मिळून २ ग्रॅम. १० अँपिअर-तास वाया गेले की २० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर कमी. प्रत्येक सेलमधून अँपिअर-तासाला ०.४२ लिटर हायड्रोजनही सुटतो (० अंश सेल्सिअसला), म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये. समुद्राच्या पाण्यापासून हायपोक्लोराइट करणाऱ्या यंत्रांतही तीच गोष्ट. क्लोरीन अँपिअर-तासाला १.३२ ग्रॅम, पण गुणायचं ते एकसर सेलच्या संख्येनेही.

जाता जाता: पॉवर बँकेवरचे २०,००० मिलीअँपिअर-तास आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. बाहेर ५ व्होल्टला ते भरत नाहीत, त्यात फसवणूक असतेच असं नाही. व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटमध्ये ऊर्जेचा हिशेब जुळवायचा असतो, प्रभाराचा नव्हे.

सहावा गुणक सगळ्यांत लबाड. रेक्टिफायरची धारा गुळगुळीत नसते. धातू किती बसला हे सरासरी धारेवर ठरतं, आणि ‘ट्रू आरएमएस’ क्लॅम्प मीटर वर्गमध्यमूळ दाखवतो. पूर्ण-तरंग, फिल्टर नसलेल्या धारेला तो सरासरीच्या १.११ पट दाखवेल, अर्ध-तरंगाला १.५७ पट. म्हणजे निकेलचा थर १२.३ मायक्रोमीटर येईल म्हणून (१ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर, १ तास, १०० टक्के कार्यक्षमता) मोजायला गेलात तर ११ भेटतील, आणि दोष टाकीतल्या द्रावणावर जाईल. शंटवर (धारेच्या वाटेत बसवलेल्या लहान, माहीत असलेल्या रोधावर) सरासरी डीसी मोजा किंवा अँपिअर-तास मीटर लावा.

या सगळ्यावर स्वस्त तपासणी म्हणजे तांब्याचा कूलोममापी (बसलेल्या तांब्याच्या वजनावरून प्रभार सांगणारी टाकी), ॲनोडच्या प्रयोगाशी एकसर जोडलेला. १ लिटर पाण्यात १५० ग्रॅम कॉपर सल्फेट (पाच पाण्याचं), ५० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल सावकाश घालून, गार झाल्यावर ५० मिलिलिटर इथेनॉल. मध्ये पातळ तांब्याचा कॅथोड, दोन्ही बाजूंना तांब्याचे ॲनोड. कॅथोडवर चौरस सेंटिमीटरला २ ते २० मिलीअँपिअर ठेवा. त्याखाली गेलात तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे बसलेलं तांबं परत विरघळतं आणि प्रभार कमी दिसतो. वर गेलात तर थर भुसभुशीत होऊन धुताना गळतो. प्रयोग संपला की कॅथोड डिस्टिल्ड वॉटरने, मग अल्कोहोलने धुवा, डेसिकेटरमध्ये वाळवा आणि ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर तोला. जुलैतल्या दमट हवेत तो उघड्यावर ठेवला की काळवंडतो आणि वजन चढतं.

५ मिलीअँपिअर ५० तास चालवले तर ०.२५ अँपिअर-तास, ९०० कूलोम, तांबं ०.२९६४ ग्रॅम वाढलं पाहिजे. तेवढ्याच वेळात झिंकचा तुकडा ०.३१२ ग्रॅम घटला तर क्षमता ०.२५ ÷ ०.०००३१२ = ८०१ अँपिअर-तास प्रति किलो, कार्यक्षमता ९७.७ टक्के. झिंक तोलण्याआधी त्यावरचा पांढरा थर काढायला लिटरला १०० ग्रॅम अमोनियम क्लोराइडचं द्रावण ७० अंशांवर, २ ते ५ मिनिटं. हे द्रावण थोडा चांगला धातूही खातं, म्हणून न वापरलेला तसाच तुकडा बरोबर बुडवून त्याची घट वजा करायची.

आणि गृहीत धरलेले १० मिलीअँपिअर खरे आहेत का, हे मिरकरवाड्यात किंवा हर्णैला बंदीच्या काळात वर काढलेल्या बोटींवरून उलट हिशेबाने पाहता येतं. निघालेलं झिंक ब्रशने घासून, धुऊन, वाळवून तोला. आतला लोखंडी पट्टा नव्यातही होता, त्यामुळे वजाबाकीत तो आपोआप निघून जातो; पण नव्याचं वजन छापील न घेता बसवण्याआधी तोललेलं हवं. समजा ५ किलोचा नग ३.१ किलो राहिला. १.९ × ७८० = १४८२ अँपिअर-तास, भागिले ७२९६, म्हणजे सरासरी २०३ मिलीअँपिअर. सगळ्या नगांची बेरीज करून ओल्या क्षेत्रफळाने भागली की त्या बोटीची खरी गरज मिळते. एखादा नग जवळजवळ नवाच निघाला तर तो बोटीला विजेने जोडलेला नव्हता, किंवा कुणीतरी बोटीबरोबर त्यावरही रंग मारला होता. असा नग आकडेवारीत शून्य म्हणून न धरता बाजूला ठेवा आणि बोल्टाखाली रंग किंवा गंज आहे का ते आधी पाहा.